मे महिन्यातला हीटर

यंदाच्या कत्तिरीत कामासाठी ईसीआरवरून, म्हणजे चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाणाऱ्या समुद्राकाठच्या रस्त्यावरून, जावं लागलं. एका हॉटेलच्या फाटकाशी ती गाडी अजून उभी आहे. कैरीच्या रंगाची, दोन दारांची, मागे उतरत गेलेल्या छपराची. बॉनेट उघडं. इंजिन काढून त्या जागी माती भरली आहे आणि मातीत क्रोटन लावले आहेत. माळी नळीनं पाणी घालत होता. बंपरवरून ओघळून खाली चिखल होईपर्यंत घालत होता. शेजारी एक कुटुंब हसत फोटो काढत होतं.

मी बसच्या खिडकीत होतो. दात इतके आवळले गेले असावेत की शेजारच्या बाईंनी विचारलं, "पल्लु वलिक्कुदा?" दात दुखतोय का? मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

कत्तिरी म्हणजे वैशाखातले ते तीनेक आठवडे, ज्यांना पंचांगवाले अग्निनक्षत्र म्हणतात. चेन्नईत या दिवसांत कोणी घराचा पाया खणत नाही, जुनी माणसं नवं काम काढत नाहीत. आमच्या जिंतूरलाही उन्हाळा कडक, पण तिथलं ऊन कोरडं. सावलीत गेलं की सुटका होते. इथलं ऊन ओलं असतं. ते सावलीतही अंगाला चिकटून मागे येतं. दुपारी रस्त्याकडेला ताडगोळेवाल्यांचे कोयते चालतात, राजकीय पक्षांच्या झेंड्यांखाली पाणपोया लागतात, कढीपत्ता घातलेलं पातळ ताक फुकट मिळतं. त्या ताकाचा पहिला घोट मला आजही छान लागतो. दुसऱ्या घोटाला तो मे महिना आठवतो आणि ग्लास खाली ठेवावा लागतो.

त्या वर्षी शहरात पाणी नव्हतं. मागचा पावसाळा कोरडा गेला होता. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची लॉरी येण्याच्या कितीतरी आधी निळ्या, गुलाबी, पोपटी घागरी रांगेत उभ्या असायच्या आणि बायका सावलीत बसून आपापल्या घागरीवर नजर ठेवायच्या. मी तेव्हा गिंडीत, एका मोटारींच्या मासिकात नोकरीला होतो. खाली लेथ मशिनांची घरघर, वर आमचं ऑफिस. टेबलावर ठेवलेला चहा खालच्या मशिनांबरोबर थरथरायचा.

मी घराण्यातला पहिला पदवीधर. जिल्हा परिषदेची शाळा, मग शिष्यवृत्तीवर औरंगाबादला इंजिनिअरिंग. वडिलांची पिठाची गिरणी. भुवया कायम पांढऱ्या. आभार मानायला मी पाढ्यांच्या आधी शिकलो. गणवेश वाटपाच्या समारंभात वाटणाऱ्याकडे बघून हसायचं असतं, हे गुरुजींनी आम्हाला रांगेत उभं करून शिकवलं होतं. चेन्नईत माझं इंग्रजी ऐकून बाकीच्या ठिकाणी लोक हसले. या मासिकाच्या मालकांनी, जे संपादकही होते आणि ज्यांना सगळे 'सार' म्हणायचे, त्यांनी एवढंच विचारलं, "कार्बुरेटर उघडून परत जोडता येतो का?" येतो म्हणालो. "मग उद्या ये." त्यांनीच खोली बघून दिली. पहिला पगार होईपर्यंत त्यांच्या घरून सांबारभाताचा डबा यायचा. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर माझा राग खूप सोपा झाला असता.

जूनच्या अंकात सारना एक मोठी तुलना हवी होती. आजची स्पोर्ट्स कार आणि कालची दोन दारांची कूपे. माउंट रोडवरच्या एका शोरूमनं पिवळीधमक नवी स्पोर्ट्स कार द्यायचं कबूल केलं होतं. जुनी गाडी शोधायचं काम माझं. मैलापूरच्या तळ्यामागच्या गल्लीत मला स्वामिनाथराव भेटले.

रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कपाळाला गंध. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राज्याबरोबर खाली आलेले. माझं नाव ऐकून ते जे बोलू लागले तसं मराठी मी फक्त पोथीत वाचलं होतं. "बैस रे तंबी. काफी घे. आमचें मराठी ऐकून हंसूं नकोस हो. अर्धें तमिळ झालें." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्यांच्या इमारतीच्या आवारात, नारळाखाली, ती कैरीच्या रंगाची गाडी झाकून ठेवलेली होती. देश सोडून निघालेल्या एका चहामळ्याच्या साहेबाकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. कूपे ही गाडी कुटुंबासाठी बनवत नाहीत. ती चालवणाऱ्यासाठी बनवतात. बायको गेल्यापासून त्यांना तिच्याशिवाय फारसं कोणी नव्हतं. रोज पहाटे ते तिला घेऊन समुद्रापर्यंत जायचे आणि परत यायचे.

पण इमारतीच्या असोसिएशननं त्यांना बजावलं होतं की महिनाअखेर हे भंगार इथून हलवा. नळाला पाणी नाही आणि हा म्हातारा गाडीला पाणी पाजतो, अशी तक्रार होती. ती खोटी होती. वरच्या मजल्यावर सेक्रेटरींच्या खोलीला एसी होता आणि त्याच्या नळीतून रात्रभर पाणी ठिबकायचं. स्वामिनाथराव तिथं बादली लावायचे. गाडी पीत होती ते सेक्रेटरींच्या थंडाव्याचं पाणी. हे सांगताना ते खुदुखुदु हसले.

मग गंभीर झाले. "ही भंगार नव्हे, चालते, एवढें कोणी छापून दिलें तर पुरें. सेक्रेटरीस दाखवीन. छापलेल्याचा त्यास फार मान. फक्त कत्तिरी सरूं दे. मग म्हणशील तिथें येतों."

सारना हे सांगितलं तर ते म्हणाले, "पंचांग बघून अंक निघत नाही, लक्ष्मण. मेमध्येच." असोसिएशनची मुदतही मेमध्येच संपत होती. स्वामिनाथराव तयार झाले.

निघालो तेव्हा ऊन वर आलेलं. जाताना मी पिवळ्या गाडीत, शोरूमच्या टायवाल्या माणसाशेजारी. ती गाडी सुंदर होती, हे मी आजही म्हणेन. मोकळ्या रस्त्यावर तिनं वेग घेतला तेव्हा माझी पाठ सीटमध्ये रुतली आणि सुरूच्या झाडांची एक हिरवी रेघ झाली. ब्रेक लावले तर भिंतीसारखी थांबायची. पण त्याआधी शहरातल्या प्रत्येक गतिरोधकापाशी टायवाला उतरत होता, पोट घासेल म्हणून फळ्या टाकत होता, आणि रिक्षावाले ओरडत होते, "अय्यो सार, उचलून घ्या कडेवर!" मागे स्वामिनाथराव शांतपणे येत होते.

महाबलीपुरमला पोचल्यावर त्यांनी पाणीही न पिता आधी गाडीचं बॉनेट उघडलं. ही त्यांची रीत. गाडी थांबवली की पहिल्यांदा तिला वारा द्यायचा, मग आपण बसायचं. घरीही ते तसंच करायचे. पिवळीला यातलं काही लागत नव्हतं. आमचा फोटोग्राफर कॅमेरा घेऊन धावला. उघडं बॉनेट, शेजारी घामानं निथळणारे, पंचानं मान पुसणारे स्वामिनाथराव. "काका, इकडे बघा," तो म्हणाला. त्यांनी बघितलं आणि ते हसले. त्या हसण्याचं पुढे काय झालं, ते आठवलं की माझ्या कानाच्या पाळ्या आजही तापतात.

परतताना मी त्यांच्याशेजारी बसलो. शहराच्या तोंडाशी, तिरुवान्मियूरच्या अलीकडे वाहनं मुंगीच्या चालीनं सरकत होती. तापमानाचा काटा वर जाऊ लागला. स्वामिनाथरावांनी हात पुढे करून एक खुंटी ओढली आणि आमच्या पायांवर गरम हवेचा लोट आला.

"काका! हे काय?"

"हीटर."

"मे महिन्यात?"

"इंग्लंडांत बनली, तिला हीटर आहे. इंजिनाची उष्णता ओढून आंत घेतों. हिच्या पोटांतली आग आपण थोडी वांटून घ्यायची. नाहीं तर ती एकटी काय करील?"

मी आयुष्यात तितका कधी तापलो नाही. शर्ट अंगाला चिकटला होता, बुटात घाम साचला होता, खिडकीतून येणारं ऊन त्या वाऱ्यापुढे गार वाटत होतं. शेजारच्या बसमधले लोक आमच्याकडे वाकून बघत होते. स्वामिनाथराव स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसले होते. काटा खाली आला. मी ओरडलोच, "काका, उतरला!" ते म्हणाले, "उतरणारच. दुसरें कोठें जाईल?" आम्ही दोघं हसत सुटलो, भट्टीत बसून.

थोडं पुढे पिवळी रस्त्याच्या कडेला बंद पडलेली होती. काचा बंद, एसी जोरात, आणि गर्दीत उन्हानं तिचं डोकं तापलं होतं. पडद्यावर लाल दिवा आला आणि तिच्या संगणकानं इंजिन बंद केलं. टायवाला फोनवर बोलत होता, टाय खांद्यावर टाकलेला.

स्वामिनाथराव गाडी बाजूला घेऊन उतरले, बॉनेट उघडलं, मग त्याच्याकडे गेले. "झांकण उघडून वारा द्या हो तिला."

"आम्हाला उघडायची परवानगी नाही, सर. सर्व्हिसवालेच उघडतात."

"अरेरे," ते म्हणाले आणि आपली पाण्याची बाटली त्याला दिली. "मग तूं तरी पी."

शेवटी उघडा ट्रक आला. पिवळीला दोरांनी बांधून वर चढवलं. टायवाल्यानं फोटोग्राफरला कॅमेरा बंद करायला लावला. आम्ही मैलापूरला परतलो तेव्हा तळ्याच्या पायऱ्यांवर ऊन उतरलं होतं. कैरीच्या रंगाची गाडी आपल्या चाकांवर नारळाखाली येऊन उभी राहिली, आणि स्वामिनाथरावांनी बॉनेट उघडून मगच चपला काढल्या.

मी जे पाहिलं तेच लिहिलं. नवीचा वेग, ब्रेक, तिची रस्त्यावरची पकड, सगळं मनापासून. जुनीचा आवाज, तिचं पेट्रोल पिणं, तिचे सुस्त ब्रेक, तेही लपवलं नाही. नवीनं अमुक ठिकाणी दम तोडला आणि जुनी घरी आली, हेही लिहिलं. तुलना म्हणजे दोन्ही पारडी एकाच हातानं धरणं, असं मला वाटायचं. आजही वाटतं. आणि खाली नाव पूर्ण छापा, अशी गळ घातली. इथली माणसं नावाआधी एक अक्षर लावून मोकळी होतात. मी म्हणालो, "सार, आमच्याकडे मध्ये वडिलांचं नाव असतं. ते हवंच." माझ्या वडिलांचं नाव कुठंही छापून आलेलं नव्हतं, गिरणीच्या पाटीवरही मूळ मालकाचं होतं.

मे संपायच्या आत जूनचा अंक आला. नाव पूर्ण छापलं होतं. वरचं सगळं बदललं. उन्हात दम तोडला तो जुनीनं. फोटो पानभर होता, उघडं बॉनेट आणि घामाघूम, हसणारे स्वामिनाथराव. खाली इंग्रजीत ओळ होती की कालच्या गाडीनं आणि कालच्या माणसानं आज हात टेकले. पलीकडच्या पानावर पिवळीची पूर्ण पानाची जाहिरात.

मी अंक घेऊन सारच्या केबिनमध्ये गेलो. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "बस," म्हणाले. "गाडी ट्रकवर परत गेली म्हणून शोरूमवाल्यांनी लेख बघायला मागितला. त्यांच्या जाहिरातीवर तुझा पगार होतो. म्हाताऱ्याचं काय गेलं? पानभर फोटो आला." मग हळूच, मायेनं, "लक्ष्मण, तुला इथं पहिलं ताट कुणी वाढलं?"

रागाला उत्तर देता येतं. वाढलेल्या ताटाला काय उत्तर देणार? तेव्हा मला गणवेश वाटपाची ती रांग आठवली. आपण ज्याला कृतज्ञता म्हणून जपतो, तिची दोरी समोरच्याच्या हातात असते आणि त्याला ती नेमकी कधी ओढायची ते ठाऊक असतं. ताट मी विसरणार नाही. पण ताट वाढणाऱ्यानं माझी सही विकत घेतली, असं होत नाही. हे वाक्य मला आज सुचतं. त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "पुढच्या अंकात दुरुस्ती छापा." ते हसले. "मासिकं दुरुस्त्या छापत नाहीत. झोप जरा."

असोसिएशनची बैठक त्याच रविवारी संध्याकाळी होती. मी आपण होऊन गेलो. आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या, डास, कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी. सेक्रेटरी निवृत्त बँक अधिकारी होते. अंक त्यांच्या मांडीवर आधीच होता. मी टपरीवर शिकलेल्या तमिळमध्ये उभा राहून सांगितलं की गाडी चालते, मी स्वतः तिच्यात बसून आलो, थांबली ती दुसरी.

त्यांनी चष्मा लावला, इंग्रजी मजकूर मोठ्यानं वाचला आणि पान माझ्याकडे वळवलं. "हे नाव तुमचंच ना?"

"माझंच. पण वरचं मी लिहिलेलं नाही."

"नाव खाली, मजकूर वर. मग नाव कशाचं? आणि हे मधलं किसन कोण?"

"वडील."

"तेही बसले होते का गाडीत?"

खुर्च्या हसल्या. मी तमिळमध्ये शब्द शोधत राहिलो. रागात परकी भाषा आधी सोडून जाते. मी शेवटी मराठीतच काहीतरी ओरडलो आणि ते फक्त स्वामिनाथरावांना कळलं. ते उठले, माझ्या दंडाला धरून म्हणाले, "पुरें रे तंबी. घसा सुकेल." मग सेक्रेटरींकडे वळून शुद्ध तमिळमध्ये, "पोराला छळू नका. गाडी नेतो."

मला त्यांचाही राग आला होता, हे लिहायला हवं. त्यांनी भांडायला हवं होतं. बादली त्या माणसाच्या पायाशी आदळायला हवी होती.

गाडी त्या हॉटेलवाल्यानं नेली. दुरुस्त करून पाहुण्यांना फिरवणार, असं सांगून नेली. स्वामिनाथराव पुढे लेकीकडे कोइंबतूरला गेले. जायच्या आधी मला भेटले तेव्हा ते सकाळची बादली तुळशीत ओतत होते. एवढंच म्हणाले, "बॉनेट उघडें ठेवतात म्हणे तिचें. वारा तर लागतो." मला वाटतं त्यांना क्रोटनचं माहीत नव्हतं. कुणी सांगूही नये.

मी ती नोकरी सोडली. आता चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात आहे, आणि सही करण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. सहकारी चिडवतात. चिडवू देत. पण एक गोष्ट मी बराच काळ टाळली होती. तो अंक वडिलांकडे पोचला होता. गावातल्या कुणीतरी नेऊन दिला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण नाव ओळखता आलं, मधलंही. त्यांनी ते पान लॅमिनेट करून गिरणीत लावलं, धान्य ओतायच्या हॉपरच्या वर, पिठाची धूळ बसेल पण हात पोचणार नाही असं. दळायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. "आमच्या लक्ष्यानं ठरवलंय, कोणती गाडी बरी."

मागच्या दिवाळीत मी गिरणीत बसलो होतो. पट्टा थांबला होता. वडील त्या पानाकडे बघत म्हणाले, "एवढी वर्षं झाली, पण तू काय ठरवलंस ते मला कुणी सांगितलंच नाही. कोणती बरी मग?"

हा साधा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. सारनी नाही, सेक्रेटरींनी नाही. मी सगळं सांगितलं. हीटर सांगितला तेव्हा ते मोठ्यानं हसले, मग समोरच्या डब्यांकडे बघू लागले. गिरणीत लोकांचे डबे ओळीनं ठेवलेले होते, प्रत्येकावर खडूनं नाव. एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात गेलं की काय तमाशा होतो, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.

"म्हणजे पीठ दुसऱ्याचं आणि डबा आपल्या नावाचा," ते म्हणाले.

"हो."

"आणि माझंही नाव त्यात."

"हो, आबा."

ते उठले. दगडाला टाकी लावायची छिन्नी घेतली, स्टुलावर चढले आणि त्या पानाचा खालचा भाग खरवडायला लागले. आवाज दातांत जाणारा. लॅमिनेशनची साल निघाली, मग कागद, मग मागचा चुना. मी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. आयुष्यभर ते ज्यांचे आभार मानत आले त्या सगळ्यांवर ते त्या छिन्नीनं चिडत होते, असं मला वाटलं. नाव पूर्ण गेलं तेव्हा खाली उतरले. भुवयांतून पीठ झटकलं.

"आता खरं लिहून दे," ते म्हणाले. "मराठीत. मला वाचता येईल असं."

तेव्हा लिहिलं गेलं नाही. यंदाच्या कत्तिरीत, बसच्या खिडकीतून ते क्रोटन पाहिल्यावर लिहायला बसलो आहे. आबा, ही ती तुलना. वेगात नवी बरी. ब्रेकला नवी बरी. कत्तिरीच्या उन्हात ती ट्रकवर बांधून परत आली. जुनी आपल्या चाकांवर आली, आणि चालवणारा आत हीटर लावून बसला होता. हे मी पाहिलं आहे, आणि वरचा प्रत्येक शब्द माझा आहे.

लक्ष्मण किसन ढगे